दिवाळीआधी टँक धुणार असाल तर...

नवरात्राचे घट उठले की आपल्याकडे घराघरांत साफसफाई सुरू होते. माळ्यावरची भांडी खाली येतात, पंख्याची पाती पुसली जातात, गाद्या गच्चीवर जातात. या धांदलीत हॉलमधला फिश टँकही सापडतो. परवा स्टाफरूममध्ये एक मॅडम म्हणाल्या, ‘‘या रविवारी टँक अगदी रिकामा करून चकचकीत करणार आहे.’’ त्यांना मी जे सांगितलं तेच आज लिहिते आहे. कुंड्यांविषयी लिहीन असं मागच्या लेखात कबूल केलं होतं, ते दिवाळीनंतर. कुंड्यांना तेवढं थांबता येतं.

आधी घरची गोष्ट सांगते. माझ्या सासूबाई मूळच्या धारवाडच्या. त्यांना घरात सगळेच अव्वा म्हणतात. आमच्या शहापूरच्या घरात स्वयंपाकघराची भाषा कानडी, हॉलची मराठी आणि भांडणाची दोन्ही. २०२१ साली सासरे गेले. त्यानंतर अव्वा दुपारभर भिंतीकडे बघत बसायच्या. टीव्ही लावून दिला तर आवाज बंद करून बसायच्या. शेवटी ह्यांनी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असा टँक आणला. पाणी मावतं पन्नास लिटर. त्यात दोन गोल्डफिश. अव्वांनी त्यांना नावं ठेवली नाहीत, नुसतं ‘दोड्डदु’ आणि ‘सण्णदु’ म्हणायच्या, मोठा आणि लहान. पण महिन्याभरात त्यांची खुर्ची भिंतीकडून टँककडे वळली. त्या खुर्चीशी गेल्या की दोन्ही मासे काचेशी येऊन शेपट्या हलवायचे. ‘‘अदक्क हसिवु आगेति, नोड,’’ असं म्हणून अव्वा चिमूटभर खाणं टाकायच्या. त्याला भूक लागलीय बघ!

आता २०२३ ची दिवाळी. वसुबारसेआधीच्या रविवारी मी पदर खोचून टँक उतरवला. मासे बादलीत काढले. तळाचे खडे गरम पाण्यात उकळून काढले. काचा आतून भांड्याच्या घासणीने घासल्या. फिल्टरमधला स्पंज इतका काळा-तपकिरी झाला होता की मलाच लाज वाटली. तो नळाखाली धरून साबण लावून पिळला, पांढरा होईपर्यंत पिळला. नवं पाणी मात्र आदल्या रात्रीपासून पिंपात उघडं ठेवलं होतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो एवढं मला ठाऊक होतं. संध्याकाळी टँक दुकानातल्यासारखा दिसत होता. ह्यांनी फोटोही काढला.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दोन्ही मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळत होते. परांच्या टोकांना लाल रेघा दिसत होत्या. पाणी आरशासारखं स्वच्छ. अव्वा काचेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘‘पाप!’’

आपल्या वाचकांना हे सांगायला नको की कानडीत ‘पाप’ म्हणजे ‘बिचारं’. पण आमच्या चिरंजीवांनी, तेव्हा दहा वर्षांचे होते, दुपारी आजीला टँकमध्ये चकलीचा तुकडा टाकताना पाहिलं होतं. तो म्हणाला, ‘‘पाप आजीनेच केलं, चकली घालून!’’ सगळे हसले. मीसुद्धा हसले. अव्वा हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी दुकानातून निळं औषध आणलं आणि दुकानदाराने सांगितलं तेवढं टाकलं. मासे काही खाली उतरले नाहीत. भाऊबीजेच्या सकाळी दोड्डदु तळाशी आडवा पडलेला होता. अव्वांनी खुर्ची उचलून परत भिंतीकडे ठेवली आणि खाण्याचा डबा फडताळात बंद केला. ‘‘मी घालणार नाही आता,’’ एवढंच मराठीत म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांना फोन केला. मी मराठीची एम. ए.; माशाच्या बाबतीत माझं ज्ञान कालवणापुरतं. सरांनी खाण्याविषयी विचारलंच नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘‘मॅडम, फिल्टर कशात धुतला?’’ मी अभिमानाने सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग सर म्हणाले, ‘‘मॅडम, तुम्ही टँकचं पोटच धुऊन टाकलंत की.’’

त्यांनी समजावलं ते असं. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्याच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडत असतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनिया होतो. नदी-तळ्यात तो पसरून जातो, पन्नास लिटरमध्ये साठतो. अमोनियाला रंग नसतो. मासा मरेल इतका पाण्यात असला तरी आपल्या नाकाला बहुधा कळत नाही. टँकमध्ये मासे जगतात ते दोन जातींच्या जिवाणूंच्या जोरावर. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग नायट्रोस्पिरासारखे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य असतं, थोडं झाडं शोषून घेतात, बाकीचं आपण पाणी बदलतो तेव्हा बाहेर जातं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते राहतात फिल्टरच्या स्पंजावर, खड्यांवर, काचेवरच्या बुळबुळीत थरात. म्हणजे मी ज्याला घाण समजून साबण लावला, तीच माशांची खरी सोय होती. ही वस्ती नव्याने वसायला चार ते सहा आठवडे लागतात. नवाकोरा टँक आणून त्याच दिवशी दहा मासे सोडणाऱ्यांचे मासे दुसऱ्या आठवड्यात का मरतात, त्याचंही उत्तर हेच.

‘‘आणि चकली?’’ मी विचारलं.

‘‘चकलीने थोडी भर घातली असेल. पण तुमच्या जुन्या फिल्टरने ती पचवली असती.’’

सर रात्रीच तपासणीचा संच घेऊन आले. काचेच्या छोट्या नळीत टँकचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. पाणी पिवळं राहिलं तर अमोनिया नाही. आमचं गडद हिरवं झालं. लिटरला दोन मिलिग्रॅम. असायला हवा शून्य. त्यातून आमच्या घरी आडाचं पाणी मिसळलेलं, पीएच आठच्या आसपास. पीएच सातचा आठ झाला की अमोनियाच्या खऱ्या विषारी रूपाचं प्रमाण जवळजवळ नऊ-दहा पट होतं, हे मला तेव्हा कळलं. बोअरचं किंवा आडाचं पाणी वापरणाऱ्यांनी, ज्यांच्या बंबाला पांढरा थर बसतो त्यांनी, हे विशेष ध्यानात ठेवावं. उलट आरओचं पाणी ‘सगळ्यात शुद्ध’ म्हणून नुसतं तेच भरणारेही मला भेटलेत. त्यात माशाला लागणारे क्षारच उरत नाहीत.

सण्णदुला वाचवायची खटपट दुसऱ्या दिवशी पहाटे सुरू झाली. पहिल्या दिवशी अर्धं पाणी बदललं, मग रोज पाव. नवं पाणी रात्रभर उघडं ठेवलेलं आणि टँकमधल्या पाण्याइतकंच कोमट-गार. हात बुडवून नीट अंदाज येत नाही, थर्मामीटर लावावा. खाणं तीन दिवस पूर्ण बंद, नंतर एक दिवसाआड नाममात्र. मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो. आपलं मन राहू शकत नाही. शिवाय लिटरला एक ग्रॅम या हिशेबाने पन्नास ग्रॅम जाडं मीठ विरघळवून घातलं. कारण अमोनिया उतरायला लागला की मधल्या टप्प्यावर नायट्राइट चढतं. ते माशाच्या रक्तात शिरून रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घालवतं, आणि मिठातला क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पाणी बदलताना जेवढं पाणी काढलं तेवढ्यापुरतंच मीठ पुन्हा घालायचं, नाहीतर ते साठत जातं. आणि निळं औषध? सरांनी कपाळाला हात लावला. ते बुरशीवगैरेवर चालतं, पण मुख्य टँकमध्ये ओतलं तर फिल्टरचे उरलेसुरले जिवाणूही मारू शकतं. औषध द्यायचंच असेल तर आजारी माशाला वेगळ्या टबात ठेवून द्यावं.

मग सरांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या टँकमधला स्पंजाचा तुकडा पिशवीत, पाण्यातच ठेवून आणून दिला. तो आमच्या फिल्टरमध्ये ठेवायचा. मी तो ठेवत असताना अव्वा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

मला त्यांना सांगायचं होतं. चार दिवस मी टाळलं. खरं सांगायचं तर सोयीचंच होतं की. चकलीवर सगळं भागलं होतं. वर्गात मी मुलांना ‘चूक कबूल करायला धैर्य लागतं’ छापाचे निबंध तपासून दहापैकी सात देते. इथे सत्तर पार केलेल्या बाईसमोर माझी जीभ उचलत नव्हती. पाचव्या दिवशी दुपारी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत सांगितलं की मासा तुमच्या चकलीने नाही मेला, मी फिल्टर साबणाने धुतला म्हणून मेला. जिवाणू हा शब्द कानडीत कसा समजवावा ते सुचेना. म्हटलं, अव्वा, दह्याचं भांडं तुम्ही विसळून घेता, पण विरजणाची वाटी कधी साबणाने धुऊन ठेवता का?

अव्वांनी माझ्याकडे बघितलं. ‘‘हेप्पु?’’ म्हणाल्या. विरजण?

‘‘होय. तुमच्या टँकचं हेप्पु मी नळाखाली धुऊन टाकलं.’’

‘‘मग त्या सरांनी पिशवीत आणलं ते?’’

‘‘तेच. शेजारघरचं विरजण.’’

‘‘हेप्पु हाकिदंग,’’ त्या स्वतःशीच म्हणाल्या. थोडा वेळ गेला. मला वाटलं आता काही बोलतील. त्यांनी विचारलं, ‘‘दही रात्रीत लागतं. ह्याला किती दिवस?’’ म्हटलं, महिनाभर तरी. ‘‘तोवर खायला किती घालायचं?’’ म्हणत त्या फडताळाकडे गेल्या आणि डबा काढून आणला. त्या विषयावर आमच्यात पुन्हा बोलणं झालं नाही. चिरंजीवांना मात्र मी वेगळं बसवून सांगितलं, आणि त्याने आजीला जाऊन ‘सॉरी’ म्हटलं.

सहाव्या आठवड्यात अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. सण्णदु आज घरात आहे आणि आता त्याला सण्णदु म्हणणं शोभत नाही.

तेव्हापासून ओळखीपाळखीची मंडळी मला माशांचा डॉक्टर समजून फोन करतात. मी डॉक्टर नाही, पण सरांनी शिकवलेला एक ठोकताळा सांगते. सगळे मासे एकदम विचित्र वागायला लागले तर आधी पाणी तपासा. एकच मासा वेगळा वागतो, बाकीचे मजेत आहेत, तर त्या माशाला काहीतरी झालंय. औषधाच्या दुकानाकडे धावण्याआधी एवढं बघितलं तरी निम्मा खर्च वाचतो.

सगळे वर येऊन हवा गिळताहेत, तर अमोनिया, नायट्राइट, नाहीतर प्राणवायू कमी. कधी गिळतात तेही बघावं. फक्त पहाटे वर येत असतील आणि टँकमध्ये झाडं, मासे दाट असतील, तर रात्रभर झाडंही प्राणवायू खातात हे कारण असू शकतं. उन्हाळ्यात तर हमखास. वीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशाला साडेसातच. त्यात दुपारी वीज गेली आणि हवेची मोटर बंद पडली की झालं. अशा वेळी टँकमधलंच पाणी तांब्याने काढून फूटभर उंचीवरून परत ओतत राहावं. निपाणीकडची आमची एक विद्यार्थिनी एप्रिलमधल्या एका दुपारी घरातल्या पोरांच्या पाळ्या लावून तीन तास हे करत होती, आणि तिचे मासे जगले. फायटर आणि गुरामी मात्र मुळातच वर येऊन हवा घेतात. त्यांना त्यासाठी खास इंद्रिय असतं, तेव्हा त्यांच्यासाठी घाबरू नये. रात्री दिवा लावल्यावर मासा तळाशी फिकट रंगाचा, निश्चल दिसला तर तो झोपलेला असतो. त्याला पापण्या नाहीत, म्हणून उघड्या डोळ्यांनी झोपतो, एवढंच. खानापूरच्या एका काकांनी झोपलेल्या माशाला काठीने हलवून हलवून जागं ठेवलं होतं.

मासा खड्यांवर, पाइपवर अंग घासतोय आणि अंगावर रव्याच्या दाण्यांएवढे पांढरे ठिपके दिसताहेत, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी रोग. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडाला आणि थंडीत, पाण्याचं तापमान एकदम घसरलं की बहुतेक वेळा दिसतो. याचं औषध मिळतं, पण ठिपके गेले की लोक ते बंद करतात. तिथेच चुकतं. कारण कातडीत शिरलेल्या जिवाला औषध लागतच नाही. तो बाहेर पडून पाण्यात पोहतो तेव्हाच मरतो. ठिपके गेल्यावरही डब्यावर सांगितलेले दिवस पुरे करावेत. ठिपके नसताना सगळेच अंग घासत असतील, तर पुन्हा पाणी तपासा.

गोल्डफिश उलटा तरंगतोय, पोट वर, हा फोनवरचा सगळ्यात घाबरलेला प्रश्न. बहुतेक वेळा पाण्यावर तरंगणारं कोरडं खाणं हवेसकट गिळून पोट फुगलेलं असतं, विशेषतः गोल पोटाच्या जातींत. दोन-तीन दिवस उपास, मग उकडून साल काढलेला हिरव्या वाटाण्याचा तुकडा. पुढे कोरडं खाणं आधी भिजवून द्यावं. गोल्डफिशला खरं म्हणजे जठरच नसतं, त्यामुळे त्याला पोट भरल्यासारखं वाटत नसावं. तो काचेशी येऊन शेपूट हलवणारच. हे मी अव्वांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘तुझ्या नवऱ्यासारखं.’’

पाणी दुधासारखं गढूळ झालं तर बहुधा जिवाणूंचा पूर आलेला असतो. नव्या किंवा जास्त धुतलेल्या टँकमध्ये हे होतं. खाणं कमी करा, आपोआप निवळतं. हिरवं झालं तर खिडकीचं ऊन अडवा. आणि क्लोरीन: राकसकोपचं पाणी असो वा हिडकलचं, निर्जंतुक करूनच येतं. पसरट भांड्यात चोवीस तास उघडं ठेवलं की साधा क्लोरीन उडून जातो, घाई असेल तर दुकानात क्लोरीन मारायचे थेंब मिळतात. आडात ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर ते पाणी चार-सहा दिवस टँकला घेऊ नये.

दिवाळीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट. हवेची मोटर खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडते. रंगाचा वास, फटाक्यांचा धूर, डासांच्या फवाऱ्यातलं औषध, सगळं तिच्यातून आत जातं. डासांच्या औषधांतली बरीच द्रव्यं माणसाला फारशी जाणवत नाहीत, माशाला अगदी थोडी पुरतात. हॉलमध्ये फवारा मारू नका. रंगकाम असेल तर मोटर दुसऱ्या खोलीत ठेवून नुसती नळी आत आणा.

आणि धुवायचंच असेल तर असं धुवा. दर आठवड्याला पाव पाणी नळीने तळातून ओढून काढा, घाण त्याच्याबरोबर येते. तेच काढलेलं पाणी बादलीत घेऊन त्यात स्पंज दोन-तीनदा हलकेच पिळा. तपकिरी राहिला तर राहू द्या. काच समोरून एकच बाजू पुसा. खडे आणि स्पंज एकाच दिवशी हाताळू नका. साबण मोरीतच राहू द्या. पाहुण्यांना टँक जरा जुनाट दिसेल, दिसू दे.

आमच्याकडे यंदा साफसफाई रविवारी सुरू झाली. मी फडकं घेऊन हॉलमध्ये आले तर टँकवर वहीचा कागद चिकटवलेला. त्यावर अव्वांच्या थरथरत्या कानडी अक्षरांत लिहिलंय, ‘मुट्टब्याड’. खाली चिरंजीवांनी पेनने भर घातली आहे, ‘हात लावू नये. आईने तर मुळीच नाही.’